पत्र्याखाली काय आहे ते आधी पाहा

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी बैठकीची विषयपत्रिका वाचली तेव्हा मागच्या रांगेत हसू झाले, ते आम्हाला ऐकू आले. निर्यातशुल्क, वीजबिल, पीकविमा आणि चौथा विषय 'पत्र्याचे स्क्रू'. संघटनेने आता सुतार-लोहाराची शाळा काढली काय, असे कोणाला वाटले असेल तर त्यात त्याची चूक नाही. पण थोडा वेळ द्या आणि मग ठरवा.

19 ऑगस्ट 2023 ला केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले. त्या दिवशी आपला कांदा कुठे होता? शेतात नव्हता. उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यातच निघाला होता आणि चाळीत पडला होता. आपण रस्त्यावर उतरलो ते चाळीतल्या मालासाठी. ज्याला थांबता येते तोच भावाची भाषा बोलू शकतो. ज्याला थांबता येत नाही तो व्यापारी म्हणेल त्या आकड्याला मान हलवतो. कांदेवाल्याला थांबता येते ते चाळीच्या जोरावर, आणि चाळ टिकते ती छपराच्या जोरावर. ते छप्पर कशाने धरून ठेवलेले असते, एवढाच आजचा विषय आहे.

कसमादे पट्ट्यातल्या एका गावात मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने एक चाळ उघडी पडली. 25 टनांची चाळ, तीनच वर्षांची. एक पाख सबंध उचलली गेली आणि शेजारच्या डाळिंबाच्या बागेत जाऊन पडली. कांदा दोन तास भिजला. भिजलेल्या कांद्याचे पुढे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. पंचनामा झाला, 'वादळी वाऱ्यामुळे नुकसान' असे लिहिले गेले आणि सगळे निघून गेले. आम्ही मात्र शिडी लावून वर चढलो. त्याच वाऱ्यात, त्याच गावात, शंभर पावलांवरची दुसरी चाळ जशीच्या तशी उभी होती. मग नुसत्या वाऱ्याचे नाव घेऊन कसे भागेल?

न उडालेल्या पाखेवर वळचणीच्या ओळीत 31 स्क्रू होते. खालून पाहिले तर दोरी लावल्यासारखे एका रांगेत. आम्ही एकेक बोटाने फिरवून पाहिला. 13 स्क्रू हातात आले. त्यांची टोके जळून निळी-काळी पडली होती. पत्र्याखाली आडवे टाकलेले होते ते लोखंडी अँगल, 6 मिलिमीटर जाडीचे, जुन्या शेडमधून काढून आणलेले. अँगल चांगला दणकट होता. पण स्क्रूची पेटी आणली होती 2 मिलिमीटरच्या पाइपासाठीची. मिस्त्रीचे मशीन फिरले, स्क्रूच्या टोकाने अँगलला ओरखडा काढला, टोक जळले आणि स्क्रू तिथेच थांबला. काम चौरस फुटाच्या दराने दिलेले. एका स्क्रूवर दोन मिनिटे घालवायला त्याला परवडत नव्हते. तो पुढच्या भोकाकडे गेला. म्हणजे तीन वर्षे ते छप्पर निम्म्या स्क्रूंवर उभे होते आणि उरलेले निम्मे पत्र्याच्या भोकात शोभेला बसवलेले होते.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो. बाकीचे विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. स्क्रू पत्र्यासाठी निवडायचा नसतो. पत्र्याखाली जे आहे त्यासाठी निवडायचा असतो. आपण दुकानात जाऊन 'पत्र्याचे स्क्रू द्या' म्हणतो. दुकानदार विचारत नाही, आपण सांगत नाही, आणि चूक तिथेच होते.

आता हे स्क्रू कोणकोणते, ते पाहू. आपल्याकडे सगळ्यांनाच 'सेल्फ स्क्रू' म्हणतात, पण त्यात दोन जाती आहेत. सेल्फ टॅपिंग म्हणजे जो आपले आटे आपण पाडतो, पण भोक तुम्ही आधी पाडून द्यायचे. सेल्फ ड्रिलिंग म्हणजे ज्याच्या टोकालाच ड्रिलचे पाते असते. तो भोकही पाडतो आणि आटेही. टोक पाहिले की कळते. खिळ्यासारखे अणकुचीदार असेल तर लाकडाला किंवा अगदी पातळ पत्र्याला. ड्रिलसारखे दोन धारांचे असेल तर लोखंडाला.

ड्रिलच्या टोकालाही नंबर असतात. 3 नंबरचे टोक साधारण 5 मिलिमीटरपर्यंतच्या लोखंडात जाते. 5 नंबरचे लांब टोक 12 मिलिमीटरपर्यंत जाते. त्यामागचे कारण समजून घ्या, म्हणजे नंबर पाठ करावे लागणार नाहीत. ड्रिलचा भाग सगळी जाडी पार करून बाहेर पडला पाहिजे, त्यानंतरच आटे लोखंडाला लागले पाहिजेत. 12-14 नावाचा जो स्क्रू सगळीकडे मिळतो त्यातला 12 हा जाडीचा नंबर, म्हणजे साडेपाच मिलिमीटर, आणि 14 म्हणजे एका इंचात 14 आटे. आटे लागले की तो स्क्रू एका फेऱ्यात जवळजवळ 2 मिलिमीटर पुढे ओढला जातो. खाली ड्रिलचे टोक अजून लोखंड कातरते आहे, त्याला त्या वेगाने पुढे जाता येत नाही. मग एक तर आटे झिजतात नाही तर स्क्रू मोडतो. म्हणून जाड अँगलला लांब टोकाचा आणि बारीक आट्यांचा, 12-24 जातीचा स्क्रू घ्यायचा. तो मिळत नसेल तर दुसरा उपाय आपल्या हातात आहे. साध्या ड्रिलने आधी भोक पाडून घ्या आणि मग स्क्रू मारा. किंवा सरळ नट-बोल्ट लावा. त्यात कमीपणा काही नाही.

जाडी मोजताना एक चूक नेहमी होते. दोन पत्रे जिथे एकावर एक येतात तिथे दोन्हींची जाडी धरायची. अर्धा अधिक अर्धा मिलिमीटर पत्रा आणि खाली 2 मिलिमीटरचा पाइप, एकूण 3. हे 3 नंबरच्या टोकाला जमते. अँगल 6 चा असेल तर बेरीज 7 होते, तिथे ते जमत नाही. लांबीचा हिशेब असा: पत्र्याच्या उंचवट्याची उंची, अधिक पाइपाची जाडी, आणि त्याखाली निदान तीन पूर्ण आटे बाहेर दिसले पाहिजेत. खालून मान वर करून पाहा. टोक नुसतेच डोकावते आहे आणि आटे दिसत नाहीत, तर तो स्क्रू आखूड पडला.

मशीनच्या वेगाबद्दलही बोलायला हवे. 12 नंबरच्या स्क्रूला मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे पुरतात, जाड लोखंडाला त्याहून कमी. आपल्या पोरांना वाटते, जितके जोरात फिरेल तितके काम लवकर. उलट होते. टोक तापते, पोलाद मऊ पडते आणि धार जाते. मशीनवर हातोड्याचे चित्र असलेला खटका असतो, तो भिंतीसाठी आहे, पत्र्यासाठी नाही. तो बंद ठेवायचा.

लाकडाचा प्रकार वेगळा आहे. लाकडाला दूर-दूर आट्यांचा, इंचात 10-11 आटे असलेला स्क्रू लागतो, आणि आट्यांचा निदान दीड इंच भाग लाकडात गेला पाहिजे. लोखंडाचा बारीक आट्यांचा स्क्रू लाकडात मारला तर तो आत जातो, घट्टही वाटतो. पण त्याच्या आट्यांत लाकडाचा भुसा भरलेला असतो आणि वाऱ्याने ओढला की दात नसलेल्या माणसासारखा सुटून येतो. जुनी बाभूळ किंवा वाळलेला साग असेल तर आधी गिरमिटाने बारीक भोक पाडा, नाही तर वासा चिरतो किंवा स्क्रूची मान तुटते. निलगिरीचे वासे आपण ओलेच आणतो आणि लगेच पत्रे ठोकतो. ओले लाकूड वाळताना आकसते आणि स्क्रूची पकड ढिली होते. पहिला उन्हाळा गेला की प्रत्येक स्क्रू पुन्हा एकदा आवळून पाहायचा, हे कामातच धरा. बांबूला स्क्रू मारूच नये असे आमचे मत आहे. तो उभा चिरतो. तिथे भोक पाडून आरपार बोल्ट, नाही तर आपली जुनी तारेची बांधणीच बरी.

इथे कोणीतरी विचारले, "साहेब, मग खिळे काय वाईट होते?" साहेब म्हणू नका, भाऊ म्हणा. खिळा बाजूच्या धक्क्याला चांगला असतो, वर ओढणाऱ्या जोराला नाही. आणि छपरावर वारा ओढतो तो वर.

किती ओढतो, याचे गणित आम्ही शेतकी कॉलेजात एकदा परीक्षेपुरते केले होते आणि विसरून गेलो होतो. ती चाळ पाहिल्यावर पुन्हा काढून बसलो. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आहे, आयएस 875 चा तिसरा भाग. त्यात नाशिक आणि पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. नागपूर आणि मुंबईला 44 मीटर. वेगाचा वर्ग करून त्याला 0.6 ने गुणले की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. 39 मीटरला तो 912 न्यूटन येतो, म्हणजे सुमारे 93 किलो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्रा सव्वातीन चौरस मीटरचा. तेव्हा पूर्ण वाऱ्यात त्या एका पत्र्याला तीन क्विंटलचा जोर लागतो. आणि पत्र्याचे स्वतःचे वजन? पंधरा-सोळा किलो. चाळीच्या बाजू हवेसाठी उघड्या ठेवाव्याच लागतात, त्यामुळे वारा आत शिरून खालून ढकलतो आणि वरून जाणारा ओढतो, असे दोन्ही होते. वळचण, आढे आणि विशेषतः कोपरे इथे तर हा जोर मधल्या भागापेक्षा बराच वाढतो.

असा वारा रोज येत नाही. पण 3 जून 2020 ला अलिबागजवळ निसर्ग चक्रीवादळ जमिनीवर आले तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या गावांत काय झाले ते तिथल्या कार्यकर्त्यांना विचारा. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. त्या भागातल्या कितीतरी घरांनी वर्षभरात दोनदा पत्रे गोळा केले.

म्हणून कडेच्या ओळींत, म्हणजे वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही टोकांच्या भिंतींवर, प्रत्येक उंचवट्याला एक स्क्रू. मधल्या ओळींत एकाआड एक चालतो. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढते तिथे आखूड स्क्रूने दीड-दोन फुटांवर टाके घालायचे, गोधडीला घालतो तसे. मिस्त्री सगळीकडे सारखे अंतर ठेवतो, कारण सूत धरायला सोपे जाते. त्याला सांगा, मधे हवे तर कमी मार, कडेला कमी नको.

स्क्रू उंचवट्यावर की पन्हळीत, यावर मिस्त्री लोकांत भांडणे आहेत. पन्हळीत मारला तर पत्रा पाइपाला टेकलेला असतो, पकड चांगली येते. पण सगळे पाणी त्याच भोकावरून वाहते आणि रबर म्हातारे झाले की थेंब सुरू होतो. कांद्याला थेंब चालत नाही. म्हणून छपरावर उंचवट्यावर आणि उभ्या भिंतीच्या पत्र्याला पन्हळीत, असे आम्ही सांगतो. उंचवट्यावर मारताना जास्त आवळले तर पत्रा दबतो आणि तिथे डबके होते.

आवळायचे किती, ते रबर सांगते. टोपीखालचे काळे रबर लोखंडी वॉशरच्या कडेला किंचित दिसले की थांबायचे. चेंगरून बाहेर आले तर ते दोन उन्हाळ्यांत फाटते. वॉशर हाताने गोल फिरत असेल तर ते ढिले आहे. रबर घेताना ईपीडीएमचे आहे का विचारा. हलके रबर उन्हात तडकते.

सिमेंटच्या पत्र्यांना हा ड्रिलिंग स्क्रू सरळ मारू नका. ते पत्रे ठिसूळ, कडेला तुकडा उडतो. तिथे स्क्रूपेक्षा मोठे भोक आधी पाडून आकड्याचा बोल्ट आणि डांबरी वॉशर, हीच पद्धत ठीक. आणि त्यात ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. भोक पाडताना पत्रा ओला ठेवा, ग्राइंडरने कोरडा कापू नका, लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

उजेडासाठी मधे प्लॅस्टिकचा म्हणजे पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकतात. तो उन्हात लोखंडापेक्षा पाचपट वाढतो. 3 मीटरचा पत्रा पहाटेपासून भर दुपारपर्यंत 40 अंशांनी तापला तर 7-8 मिलिमीटर लांब होतो. स्क्रूभोवती मोकळीक नसेल तर तो भोकापासून तडकणार. तिथे भोक मोठे पाडा, वॉशर रुंद वापरा, हलके आवळा. पाण्याच्या टाकीला किंवा पीव्हीसीला स्क्रू लावायचा असेल तर दूर-दूर आट्यांचा घ्या आणि आधी भोक पाडा. तोच स्क्रू काढून परत लावताना आधी उलटा फिरवा. 'टक' करून जुन्या आट्यांत बसला की मग आवळा. नाही तर प्रत्येक वेळी नवे आटे पडतात आणि चौथ्या वेळी भोकच उरते.

आता गंजाबद्दल. इथे शेतकऱ्याची गोष्ट इतरांपेक्षा वेगळी आहे, आणि ती कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात सांगत नाहीत. साध्या चकचकीत स्क्रूवर जस्ताचा थर असतो तो काही मायक्रॉनचा. शहरातल्या कोरड्या गोदामात तो टिकतो. आपल्या गोठ्यात गोमूत्राचा अमोनिया असतो. खताच्या खोलीत पोटॅश असते, त्यातले क्लोराइड मिठासारखेच लोखंड खाते. कोकणात हवाच खारी. आणि द्राक्षवाल्यांनो, तुमच्या बोर्डो मिश्रणातले मोरचूद जस्ताचा वैरी आहे. त्यातले तांबे जस्तावर बसते आणि जस्त विरघळते. फवारणीचे ड्रम ज्या शेडमध्ये कालवता तिथले स्क्रू दोन वर्षांनी पाहा. अशा ठिकाणी जाड मुलाम्याचा स्क्रू मागून घ्या.

मग स्टेनलेसच का नको? असे वाटणे साहजिक आहे. पण नेहमीचे स्टेनलेस लोखंडात भोक पाडण्याइतके कठीण नसते. टोकाला पोलाद जोडलेला स्क्रू मिळतो, तो महाग. दुसरे असे की ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर ओल्या खाऱ्या हवेत स्टेनलेसचा स्क्रू लावला तर स्क्रू शाबूत राहतो आणि त्याच्याभोवतीचा पत्रा खाल्ला जातो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला उलट स्टेनलेसच बरे, साधे लोखंड नको. पॉलिहाउसवाल्यांनी आपली ॲल्युमिनियमची पट्टी पाइपावर कोणत्या स्क्रूने बसवली आहे ते घरी जाऊन पाहावे. आणि काम झाल्यावर संध्याकाळी छपरावरचा लोखंडाचा कीस झाडून काढा. तो रात्रीच्या दवाने गंजतो, डाग पाडतो आणि डागाखाली पत्रा जातो.

आता पैशाकडे येतो. एका स्क्रूची किंमत चहाच्या कपाएवढीही नाही. चाळीच्या सगळ्या खर्चात स्क्रूंचा वाटा इतका थोडा असतो की बिलात ते वेगळे लिहिलेलेच नसतात, 'पत्रा फिटिंगसह' असे असते. तो एक शब्द आम्हाला महागात पडतो. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादन खर्च काढताना अवजारांचा आणि शेतातल्या इमारतींचा घसारा धरतो. घसारा धरायचा तर इमारतीचे काही आयुष्य गृहीत धरावे लागते. ज्याचे छप्पर तिसऱ्या वर्षी डाळिंबात जाऊन पडले, त्याचा घसारा कोणत्या रकान्यात लिहायचा? आणि सरकारी मदत म्हणाल तर 2022 ते 2026 या काळासाठीच्या आपत्ती निवारणाच्या निकषांत घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000 रुपये लिहिलेले होते. मदत मागायची ती मागूच, पण तिच्या भरवशावर छप्पर ठेवता येणार नाही.

तेव्हा प्रत्येक तालुक्याने एवढे करावे. चाळीचे किंवा गोठ्याचे काम देताना कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: पत्र्याखालच्या पाइपाची किंवा अँगलची जाडी, स्क्रूचा नंबर व लांबी, आणि वळचणीला किती स्क्रू. शेवटचा हप्ता देण्याआधी स्वतः वर चढा आणि वळचणीचे दहा स्क्रू बोटाने फिरवून पाहा. एक जरी फिरला तरी सगळी ओळ तपासून घ्या. मिस्त्रीवर ओरडू नका, तोही बहुतेक वेळा आपल्यातल्याच कोणा अल्पभूधारकाचा मुलगा असतो. त्याला चौरस फुटाऐवजी रोजाने पैसे द्या, तो दोन मिनिटे जास्त थांबेल. कसमाद्यातल्या त्या भावाने पाख पुन्हा घातली तेव्हा तसेच केले. अँगल तेच ठेवले, भोके आधी पाडून घेतली. दीड दिवस जास्त लागला.

बाहेर लिंबाखाली टेबलावर 2 मिलिमीटरचा पाइप, 6 मिलिमीटरचा अँगल आणि निलगिरीचा ओला तुकडा ठेवला आहे. दोन मशीन आहेत, स्क्रूच्या चार पेट्या आहेत. चहा घेऊन तिकडे या. अँगलमध्ये 3 नंबरचे टोक मारून पाहा आणि ते कसे जळते ते डोळ्यांनी बघा. ज्यांनी घरून आपल्या छपराचा एखादा स्क्रू खिशात आणला आहे त्यांनी तो आधी दाखवावा.